विषय: मेडिकल कोडिंग शिकायचंय, कोर्स निवडताना काय बघू?

मृणाल (एडिसन)

नमस्कार मंडळी,

मी बीएचएमएस आहे. नाशिकला माझा स्वतःचा दवाखाना होता, लग्नानंतर इकडे न्यू जर्सीला आले. परवाच एच-४ चं, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसावर आलेल्या बायकोच्या व्हिसाचं, ईएडी (काम करायचा परवाना) हातात आलं. माझ्या पदवीवर इथे प्रॅक्टिस करता येत नाही आणि यूएसएमएलईलाही (इथल्या डॉक्टरकीच्या परवान्याची परीक्षा) बसता येत नाही, म्हणून मेडिकल कोडिंग, म्हणजे डॉक्टरांच्या नोंदी वाचून आजारांना आणि उपचारांना इन्शुरन्ससाठी ठरलेले कोड लावणं, करावं असं मनात आहे. एका ऑनलाइन क्लासवाल्यांचे रोज फोन येतात. तीन महिन्यांत सर्टिफिकेट, नोकरीची हमी, आणि फी याच आठवड्यात भरली तर मोठी सवलत. आपल्यापैकी कुणी या कामात आहे का? पैसे भरण्याआधी जाणकाराशी बोलावंसं वाटतं.

मृणाल

सुजाता (प्लेन्सबरो)

प्रिय मृणाल,

पैसे भरू नकोस, निदान या आठवड्यात तरी नको. नोकरी देणारा क्लास नसतो, दवाखाना किंवा हॉस्पिटल असतं. त्यामुळे हमी म्हणजे नेमकं काय आणि नोकरी नाही लागली तर फी परत मिळेल का, हे लेखी माग. बहुतेकदा त्यानंतर फोन बंद होतात.

दुसरं, सर्टिफिकेट कुणाचं हे विचार. क्लास संपल्याचा कागद वेगळा आणि भरती करणारे जे बघतात ते वेगळं. एएपीसी आणि अहिमा या कोडिंगच्या परीक्षा घेणाऱ्या दोन संस्था. भरती करणारे बघतात एएपीसीचं सीपीसी, नाहीतर अहिमाचं सीसीए किंवा सीसीएस. डॉक्टरांच्या ऑफिसातलं, ओपीडीचं काम करायचं असेल तर सीपीसी. हॉस्पिटलात भरती झालेल्या पेशंटांच्या फाइली करायच्या असतील तर पुढे सीसीएस. तिथे प्रोसिजरसाठी आयसीडी-१०-पीसीएस नावाची निराळीच सात अक्षरी पद्धत शिकावी लागते. तू सीपीसीपासून सुरुवात कर. आपल्या भागातल्या कम्युनिटी कॉलेजांतही हे कोर्स असतात, त्यांची फी आणि त्या फोनवाल्यांची फी शेजारी ठेवून बघ.

परीक्षा अशी: १०० प्रश्न, ४ तास, पास व्हायला ७० टक्के. सीपीटी (तपासण्या आणि उपचारांचे कोड), आयसीडी-१०-सीएम (आजारांचे) आणि एचसीपीसीएस (औषधं, साहित्य वगैरेंचे) ही तिन्ही पुस्तकं उघडी ठेवून लिहायची. हे ऐकून लोकांना ती सोपी वाटते. एका प्रश्नाला अडीच मिनिटंही येत नाहीत आणि एकट्या आयसीडीतच सत्तर हजारांच्या घरात कोड आहेत. पाठांतराचा इथे उपयोग नाही. सूचीत शब्द कुठे सापडेल, तिथून मुख्य यादीत जाऊन खालच्या टिपा वाचल्या का, प्रकरणाच्या सुरुवातीचे नियम काय म्हणतात, हे हाताच्या सवयीचं व्हावं लागतं. पानांना टॅब लावता येतात, समासात पेनाने टिपा लिहिता येतात. ते काम पहिल्या दिवसापासून स्वतःच्या हाताने कर, कुणाचं तयार पुस्तक घेऊ नकोस.

आता तुझ्या डॉक्टरकीबद्दल. अॅनाटमी आणि आजारांची नावं तुला येतात, त्यामुळे इतरांचे जे महिने त्यात जातात ते तुझे वाचतील. पण आपल्याकडून आलेल्या डॉक्टरांचा कस दुसऱ्याच ठिकाणी लागतो, आणि हे मी मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण क्लासमध्ये ते फारसं कुणी सांगत नाही.

समज, तुझ्यासमोर एक नोट आली. पेशंट तपासणीला आला, डॉक्टरांनी निदानात लिहिलं: टाइप २ डायबेटिस, हायपरटेन्शन, गोळ्या चालू ठेवा. खाली रक्ताचा रिपोर्ट जोडलाय, त्यात ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) ४२, म्हणजे कमी. तुझ्यातली डॉक्टर लगेच म्हणणार, किडनी बिघडतेय. कोडरला ते म्हणायची परवानगी नाही. रिपोर्टातल्या आकड्यावरून निदान काढणं आपलं काम नव्हे. डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच धरायचं: ई११.९, आय१०, आणि डायबेटिसच्या गोळ्यांसाठी झेड७९.८४.

त्याच नोटमध्ये डॉक्टरांनी स्वतः 'क्रॉनिक किडनी डिसीज, स्टेज ३बी' एवढे शब्द लिहिले असते, तर सगळं चित्र बदललं असतं. मग डायबेटिसचा कोड ई११.२२ होतो, हायपरटेन्शनचा आय१२.९ होतो आणि स्टेजसाठी एन१८.३२ जोडावा लागतो. किडनीचा आजार डायबेटिसमुळे झाला असं डॉक्टरांनी लिहिलेलं नसलं तरी चालतं, कारण आयसीडीचा नियमच ते नातं गृहीत धरतो. डॉक्टरांनी स्पष्ट 'संबंध नाही' म्हटलं तरच ते तुटतं. एका ठिकाणी डोळ्यांना दिसतंय ते धरायचं नाही, दुसऱ्या ठिकाणी लिहिलेलं नाही ते नियम म्हणतो म्हणून धरायचं. खरं प्रशिक्षण हे आहे. क्लास निवडताना विचार की खऱ्या स्वरूपाच्या, नावं काढलेल्या नोट्स सोडवून घेता का आणि प्रत्येक उत्तराला नियम दाखवायला लावता का. नुसते पर्याय निवडायचे प्रश्न घोकून घेत असतील तर तो क्लास सोड.

आणखी एक. खोकला आणि ताप घेऊन आलेल्या पेशंटच्या नोटमध्ये 'न्यूमोनियाची शंका' लिहिलं असेल तर ओपीडीत न्यूमोनियाचा कोड लावायचा नाही, खोकला आणि ताप यांचेच लावायचे. हॉस्पिटलात भरती असलेल्या पेशंटच्या डिस्चार्जला तीच शंका कायम असेल तर मात्र आजार आहे असं धरून कोड लावतात. चुकीचं निदान पेशंटच्या रेकॉर्डला वर्षानुवर्षं चिकटून राहतं. कोडिंग म्हणजे डेटा एंट्री असं कुणी म्हटलं की मला मनापासून राग येतो तो यासाठी.

पास झालीस की सीपीसी-ए मिळेल. शेवटचा 'ए' म्हणजे अॅप्रेंटिस. दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवला, किंवा एक वर्षाचा अनुभव आणि ८० तासांचं शिक्षण दाखवलं, की तो निघतो. पण बहुतेक जाहिरातींत आधीच दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि खरी अडचण परीक्षेत नाही, इथे आहे. घरून काम करायच्या जागांवर तर नवख्याला सहसा घेतच नाहीत. म्हणून बाजूच्या दाराने आत जा: दवाखान्याचं फ्रंट डेस्क, इन्शुरन्स तपासणं, पेमेंट पोस्टिंग, आणि सगळ्यात उत्तम म्हणजे डिनायल्स, म्हणजे नाकारलेल्या क्लेमांचं काम. इन्शुरन्स कंपनी क्लेम का परत पाठवते हे रोज बघितलं की मॉडिफायर २५ (त्याच दिवशी प्रोसिजरखेरीज वेगळी तपासणीही झाली हे सांगणारा जोड-आकडा) कधी लावायचा, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा लवकर कळतं. एएपीसीच्या स्थानिक चॅप्टरच्या बैठकांना विद्यार्थी असतानाच जात जा. पहिल्या नोकऱ्या तिथल्या ओळखींतून लागलेल्या मी पाहिल्या आहेत.

सुजाता

अविनाश (पार्सिपनी)

सुजाताताई, माहिती उत्तम, पण दुसरी बाजूही सांगायला हवी. हे काम पुणे, नवी मुंबई, हैदराबाद, चेन्नईला कधीच गेलंय. माझी पुतणी बीएएमएस करून पुण्यात हेच करते. शिवाय आता एआय कोड सुचवतं. मृणालसारख्या मुलीने आज यात वर्ष घालवावं का? त्यापेक्षा डेटा अॅनालिटिक्स बरं नाही का?

अविनाश

सुजाता

अविनाशदादा, दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एक्स-रे, लॅब यांसारखी एकसारखी येणारी कामं सॉफ्टवेअर बरीचशी करतं आणि मोठ्या कंपन्या भारतात ताशी टार्गेट लावून करून घेतात. फक्त तेवढंच शिकलेल्या माणसाला इथे पुढे कठीण जाईल.

राहतं ते काम वादाचं असतं. गुंतागुंतीच्या सर्जरी, ऑडिट, डिनायलवर अपील, डॉक्टरांना योग्य शब्दांत प्रश्न पाठवणं. हा प्रश्न पाठवतानाही उत्तर त्यांच्या तोंडात घालायचं नाही, असा नियम आहे. सॉफ्टवेअरने महागडा कोड सुचवला आणि नोटमध्ये आधार नसला तर 'मशीनने सांगितलं' म्हणून सुटका होत नाही. सरकारी विम्याचे पैसे असतील तर फॉल्स क्लेम्स अॅक्ट, म्हणजे सरकारकडे खोटी बिलं लावण्याविरुद्धचा कायदा, लागू होतो. तो आधार शोधणारा माणूस लागणारच, असं मला ठामपणे वाटतं.

पगाराचंही स्पष्ट लिहिते. सरकारी आकडेवारीत मेडिकल रेकॉर्ड्सच्या या वर्गाचा मधला पगार वर्षाला ५० हजार डॉलरच्या आसपास आहे, सुरुवात त्याहून खाली. न्यू जर्सीत ही रक्कम मोठी नाही, आणि मृणाल, हे धरूनच ठरव. शिवाय सर्टिफिकेट टिकवायला दर दोन वर्षांनी ३६ सीईयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) लागतात. डेटा अॅनालिटिक्स ज्याला आवडतं त्याने जरूर करावं. हिला पेशंटची फाइल वाचायला येते, ते ज्ञान मातीमोल का करायचं?

सुजाता

केतकी (जर्सी सिटी)

सुजाताताई, मधेच विचारते. मी बीपीटी (फिजिओथेरपिस्ट) आहे आणि एच-४ वर आहे, पण आमचं आय-१४० (ग्रीन कार्डसाठी नवऱ्याच्या कंपनीने करायचा अर्ज) अजून मंजूर नाही, त्यामुळे ईएडी नाही. मी तोवर काहीच करू नये का? एका ओळखीच्यांनी त्यांच्या बिलिंग ऑफिसात 'पगार नाही, पण अनुभव मिळेल' असं म्हटलंय.

केतकी

सुजाता

केतकी, एच-४ वर शिकायला आडकाठी नाही. कोर्स कर, परीक्षाही दे. त्या बिलिंग ऑफिसात मात्र जाऊ नकोस. ज्या कामाचे एरवी पैसे मिळतात ते फुकट केलं तरी काम धरलं जाऊ शकतं, आणि त्याचा फटका पुढे ग्रीन कार्डला बसू शकतो. २०१५ च्या नियमाने एच-४ वाल्यांना ईएडी मिळायला लागलं, पण ते हातात आल्यावरच काम. तुझ्या बाबतीत शंका असेल तर इमिग्रेशनच्या वकिलाला विचार, व्हॉट्सअॅप ग्रुपला नको. चॅप्टरच्या बैठकीला जाऊन ऐकायला काही हरकत नाही.

एक हिशोब तुझ्यासाठी महत्त्वाचा: सीपीटी दर १ जानेवारीला बदलतं आणि आयसीडी दर १ ऑक्टोबरला. ईएडी लांबणार असेल तर महागडी पुस्तकं आत्ता घेऊ नकोस. आधी मेडिकल टर्मिनॉलॉजी आणि आयसीडीचे नियम कर. नियमांची पुस्तिका सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या साइटवर फुकट मिळते. परीक्षेच्या वर्षी त्या वर्षाची पुस्तकं घे.

मृणाल

सुजाताताई, त्या क्लासला लेखी हमी मागितली. उत्तर आलं की 'हमी म्हणजे प्लेसमेंट असिस्टन्स'. नाही म्हणून कळवलं. कम्युनिटी कॉलेजच्या माहितीसत्राला नाव घातलंय आणि जवळच्या एका दवाखान्यात फ्रंट डेस्कसाठी अर्ज केलाय. रिझ्युमेत 'दवाखाना चालवला' हे कसं लिहावं? डॉक्टर म्हणून लिहिलं तर ओव्हरक्वालिफाइड म्हणून बाजूला ठेवतील अशी भीती वाटते.

सुजाता

मृणाल, लपवू नकोस, पण कामं लिही: पेशंटचा इतिहास घेणं, नोंदी ठेवणं, अपॉइंटमेंट, बिलं. पदवी शिक्षणाच्या रकान्यात जाऊ दे. रिझ्युमे मला वेगळ्या मेलवर पाठव, रविवारी बघून देते. केतकी, तूही पाठव.