दोन तृतीयांश आमदार फुटले की पक्ष त्यांचा? आणि मतदार कुणाचे?

चौकस
शिवसेना २०२२ मध्ये आणि राष्ट्रवादी २०२३ मध्ये फुटली, तेव्हापासून एकच वाक्य कानावर पडतंय: "दोन तृतीयांश आमदार आले की पक्ष त्यांचा." हे कायद्यात नेमकं कुठे आहे? आणि आमदाराबरोबर त्याची मतं गेली की नाही, हे कसं तपासायचं? आमच्या मतदारसंघाचे २०२४ चे लोकसभा आणि विधानसभेचे आकडे काढलेत, पण मेळ बसत नाही.

परिशिष्ट_दहा
असं कुठेही लिहिलेलं नाही. १९८५ साली राज्यघटनेत दहावं परिशिष्ट, म्हणजे पक्षांतरबंदी कायदा, आलं तेव्हा एक तृतीयांश आमदारांनी फूट पाडली तर अपात्रता टळायची. ९१व्या घटनादुरुस्तीने २००३ मध्ये ती पळवाट बंद केली. आता उरलाय तो परिच्छेद ४, म्हणजे विलीनीकरण, आणि दोन तृतीयांश हा आकडा फक्त तिथला. गोव्यात काँग्रेसच्या आमदारांनी तो दोनदा वापरला. २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, २०२२ मध्ये ११ पैकी ८. अकराचे दोन तृतीयांश ७.३३ होतात, त्यामुळे सात जणांनी भागत नाही, आठवा लागतोच.

शिंदे गट कुठेही विलीन झाला नाही. ५५ पैकी ४० आमदार घेऊन "मूळ पक्ष आम्हीच" असा दावा केला. तो वाद जातो निवडणूक आयोगाकडे, १९६८ च्या चिन्ह आदेशातल्या परिच्छेद १५ खाली. तिथे दोन तृतीयांश वगैरे काही नाही. सादिक अली खटल्यापासून (१९७१) पक्षाची उद्दिष्टं, पक्षघटना आणि बहुमत या कसोट्या लावतात. सेनेच्या बाबतीत शेवटी विधिमंडळातलं बहुमतच निर्णायक ठरलं. निवडून आलेल्या ५५ जणांच्या मतांपैकी सुमारे ७६ टक्के मतं त्या ४० जणांची, असं आयोगाने १७ फेब्रुवारी २०२३ च्या आदेशात मांडलं. हरलेल्या सेना उमेदवारांची मतं या ७६ टक्क्यांत धरलेली नाहीत, हे बहुतेक चर्चांत सुटतं. माझ्या मते ही कसोटी लंगडी आहे, कारण पक्षाचा मतदार म्हणजे फक्त जिंकलेल्या जागेवरचा मतदार नव्हे.

व्हिपचा, म्हणजे पक्षादेशाचा, प्रश्न वेगळा. तो काढणारा प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ ला सांगितलं. अपात्रतेचा निर्णय मात्र विधानसभा अध्यक्षांकडे राहिला आणि १० जानेवारी २०२४ ला दोन्ही बाजूंचं कुणीच अपात्र ठरलं नाही.

बूथनिहाय
मेळ न बसण्याचं कारण बहुधा तुमच्या जुळणीत आहे. फॉर्म २०, म्हणजे निकालाचा अधिकृत तक्ता, घ्या, त्यात केंद्रनिहाय मतं असतात. लोकसभेच्या फॉर्म २० मध्येही तुमच्या विधानसभा क्षेत्राचा भाग वेगळा मिळतो. केंद्र क्रमांकावर विसंबू नका. मतदान केंद्रांची फेररचना झाली की क्रमांक सरकतात आणि ११२ नंबरची तुलना भलत्याच गल्लीशी होते. शाळेच्या किंवा इमारतीच्या नावावरून जुळवा, तेही जमलं नाही तर गाव किंवा प्रभाग धरून बेरीज करा. टपाली मतं बाजूला ठेवा.

मग टक्के नकोत, आधी मतांचे आकडे मांडा. विधानसभेला मतदान वाढलं होतं, त्यामुळे एखाद्या आघाडीची मतं तेवढीच राहिली तरी टक्का घसरलेला दिसतो आणि आपण "मतं फिरली" म्हणतो. प्रत्यक्षात समोर नवे मतदार आलेले असतात. तुलना आघाडीची करा. लोकसभेला तुमच्याकडे हात असेल आणि विधानसभेला मशाल, तर पक्षाची तुलना निरर्थक आहे.

लोकसभेला मविआ ४८ पैकी ३० जागांवर जिंकली. सहा महिन्यांच्या आत तिचे तीन मोठे पक्ष मिळून २८८ पैकी ४६ वर आले. मधल्या काळात यांपैकी एकही पक्ष फुटलेला नव्हता, चिन्हंही तीच होती. म्हणजे हा बदल फुटीच्या हिशोबात बसत नाही, तो मतदारांमधला आहे.

चौकस
केंद्र क्रमांकच घोळ घालत होते! पण मग दोन तुकड्यांच्या मतांची बेरीज करून "फूट नसती तर इतकी मतं पडली असती" असं काढता येईल का?

बूथनिहाय
नाही. मुंबई उत्तर-पश्चिमला दोन्ही सेना समोरासमोर होत्या, निकाल ४८ मतांचा. तिथे धनुष्यबाणाच्या मतांत भाजपचा मतदार आहे आणि मशालीच्या मतांत काँग्रेसचा. दोन्हींची बेरीज म्हणजे जुनी सेना नव्हे.

चिन्हवाचक
साताऱ्याचा फॉर्म २० उघडलात तर अपक्षांचे रकानेही बघा. लोकसभेला तिथे ३२,७७१ मतांनी निकाल लागला आणि पिपाणी चिन्हाच्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. शरद पवारांच्या राष्ट्रवादीचं 'तुतारी वाजवणारा माणूस' हे मिळतंजुळतं चिन्ह मतदारांपुढे येऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. त्या ३७ हजारांतली सगळीच चुकून पडली असं म्हणता येणार नाही. पण शेजारच्या मतदारसंघांत याच चिन्हाला किती मतं पडली ते केंद्रनिहाय मांडून बघा.