बेसबॉलमधली ‘सरासरी’, ‘हिट’ आणि कॅप ॲन्सनचे आकडे

प्रश्न : ‘शिकागोच्या कॅप ॲन्सनने १८७१ ते १८९७ या काळात .३३४ धावांच्या सरासरीने ३,४३५ फटके मारले. समवयस्कांत तोच सर्वोत्तम ठरला.’ अमेरिकी बेसबॉलपटूवरच्या या अनुवादित वाक्यात काय काय बदलावं?

– आधी ‘धावांच्या’ काढा. क्रिकेटची सरासरी म्हणजे धावा भागिले बाद. बेसबॉलमध्ये हिट (यशस्वी फटके) भागिले ॲट-बॅट (सरासरीसाठी धरल्या जाणाऱ्या फलंदाजीच्या पाळ्या), धावांचा काही संबंध नाही. ३,४३५ ÷ १०,२८१ = .३३४. म्हणजे हजारी ३३४. टिंबाआधीचं शून्य तिकडे लिहीत नाहीत. मराठीत मात्र ०.३३४ लिहावं, नाहीतर छापताना टिंब उडतं आणि सरासरी ३३४ होऊन बसते. (इथे पुढे आकडे तिकडच्या रीतीनेच ठेवलेत.)

– ‘फटके’ही नको. झेल गेला तरी फटका तो फटकाच. हिट धरायची तर फलंदाज निदान पहिल्या बेसवर (धाव पुरी करायला ज्या ठाण्यांवरून पळावं लागतं, त्यांतल्या पहिल्यावर) सुखरूप पोचायला हवा, आणि तोही क्षेत्ररक्षकाच्या चुकीमुळे नव्हे. सरळ ‘हिट’ ठेवा.

प्रश्न : ॲट-बॅटला ‘पाळी’ म्हटलं तर?

– घोटाळा होईल. वॉक (चेंडू टाकणाऱ्या पिचरच्या खराब चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाला की पाळी संपते, पण ती ॲट-बॅट धरत नाहीत. आणि ॲन्सनच्या बाबतीत नेमकी हीच मेख आहे. १८८७ या एकाच हंगामात वॉक हिट म्हणून मोजले गेले. त्या वर्षी त्याच्या ४७२ ॲट-बॅट, १६४ हिट आणि ६० वॉक. आजच्या रीतीने १६४ ÷ ४७२ = .३४७. तेव्हाच्या रीतीने २२४ ÷ ५३२ = .४२१. पहिल्या हिशेबाने नॅशनल लीग या व्यावसायिक स्पर्धेचा त्या वर्षीचा अव्वल फलंदाज डेट्रॉइटचा सॅम थॉम्प्सन (.३७२) ठरतो, दुसऱ्याने ॲन्सन. जुन्या-नव्या तक्त्यांतून आकडे उचलून एकाच ओळीत बसवले की भाषांतर कितीही चोख असो, वाक्य खोटं पडतं.

– ‘समवयस्क’ नव्हे, ‘समकालीन’. ॲन्सनचा जन्म १८५२ चा, त्याच काळात गाजलेल्या रॉजर कॉनरचा १८५७ चा, डॅन ब्राउदर्सचा १८५८ चा. आणि ‘सर्वोत्तम’ कशात? एकूण हिटमध्ये ॲन्सन पुढे, कारण तो २७ हंगाम खेळला. पण ब्राउदर्सची सरासरी .३४२. स्लगिंगमध्ये (हिटवर मिळवलेले एकूण बेस भागिले ॲट-बॅट, नावात ‘पर्सेंटेज’ असलं तरी टक्केवारी नव्हे) ब्राउदर्स .५१९, कॉनर .४८६, ॲन्सन .४४७. त्या त्या हंगामाशी आणि मैदानाशी ताडून काढलेला ओपीएस प्लस (बेसवर पोचण्याचं प्रमाण आणि स्लगिंग यांवरून काढलेला आकडा) घ्या. त्यात १०० म्हणजे लीगमधला सर्वसाधारण फलंदाज. ब्राउदर्स १७१, कॉनर १५३, ॲन्सन १४२.

– समकालीनांतही १८९३ ची रेघ ओढा. पिचर सुमारे ५ फूट मागे, ६० फूट ६ इंचांवर गेला. नॅशनल लीगची सरासरी १८९२ मध्ये .२४५ होती, १८९४ मध्ये .३०९ झाली. एड डेलाहँटी या आणखी एका फलंदाजाच्या सरासरीचे .३४६ हे बरेचसे या रेघेपलीकडचे, ते ॲन्सनच्या .३३४ शेजारी नुसतेच ठेवले तर ॲन्सनवर अन्याय होतो.

– होमरनचंही (एकाच फटक्यावर सगळे बेस पार करून काढलेली धाव) तेच. शिकागोच्या लेकफ्रंट पार्कचं कुंपण इतकं जवळ, की १८८३ मध्ये त्यापलीकडे गेलेला चेंडू डबल (दोन बेसचा फटका) धरत. १८८४ मध्ये तोच होमरन ठरला. त्याच संघातल्या नेड विल्यमसनचे होमरन २ वरून २७ वर गेले, त्यांतले २५ घरच्या मैदानावर! ॲन्सनच्या कारकिर्दीतल्या ९७ पैकी २१ त्याच वर्षीचे. तेव्हा ‘ताकदवान फटकेबाज’ हे विशेषण या वर्षाच्या भरवशावर लावू नका.

– आणि ‘शिकागोच्या’ हे १८७६ पासूनच खरं. त्याआधीची पाच वर्षं तो नॅशनल लीगच्या आधीच्या नॅशनल असोसिएशनमध्ये रॉकफर्ड आणि फिलाडेल्फियाकडून खेळला. ३,४३५ मधल्या ४२३ हिट तिथल्या, आणि ती संघटना मेजर लीग (सर्वोच्च दर्जाची स्पर्धा) मानायची की नाही यावर एकमत नाही. म्हणून ‘नॅशनल असोसिएशन धरून ३,४३५ हिट’ असं लिहा.