मदत हवी आहे : क्रोशाची जाळी दर ओळीला आकसते आहे

नमस्कार ताई-काकूंनो, मी बेळगावची. खानापूरच्या आज्जीसाठी शाल विणतेय, तिकडं थंडी काय असते ते तुम्हाला माहीतच आहे. खडेबाजारातून फोर प्लाय (चार पदरी) लोकर आणली, सुई साडेतीन एमएमची.

नमुना असा : एका ओळीत 'व्ही' (एकाच घरात खांब म्हणजे उंच उभा टाका, १ साखळी, परत खांब), पुढच्या ओळीत प्रत्येक 'व्ही'च्या पोटात फुगीर टाका. त्यासाठी तीनदा सुईला वेढा घेऊन लोकर उंच ओढली की सुईवर ७ फंदे होतात, ते एकदम काढायचे आणि वर १ साखळी घट्ट. फुगे छान बसतात, हात लावत राहावंसं वाटतं. पण पहिल्या ओळीत २० 'व्ही' होते, आठवीत १७च फुगे उरलेत! कडा तिरकी, डावीकडं जास्तच.

वळताना मी ३ साखळ्या घालते. त्या पहिला खांब धरायच्या ना? मग ओळीच्या शेवटी त्यांच्या माथ्यावरही खांब घालायचा का? मी तो बहुतेक गाळतेय. शिवाय ज्या व्हिडिओवरून विणतेय, त्यातली बाई टाक्यांची नावं ब्रिटिश पद्धतीनं घेते. तिचा 'ट्रेबल' म्हणजे आपला साधा खांबच की?

आठ ओळी उसवू, की पुढं टाके वाढवून जमेल? उसवायला जीव होईना बघा.