उत्तर: उत्तर: लवाद करारावर सही, शुक्रवारपर्यंत
मंडळी,
वाटणीच्या वादात चुलतभावाने लवाद करार पाठवलाय. लवाद म्हणजे त्याचेच सासरे. माणूस सज्जन आहे, पण नवव्या मुद्द्यात "निवाड्याला कारणे देण्याची गरज नाही" असं आहे. पुढे पटलं नाही तर कोर्टात जाता येईल ना? काका, तुम्हीच सांगा.

>> सही करू नका. जाता येईल, पण ते अपील नसतं. १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३४ खाली कोर्ट पुरावा नव्याने तोलत नाही. लवादाने कायदा चुकीचा लावला, एवढ्यावरही निवाडा मोडत नाही. बाजू मांडू दिली नाही, अधिकाराबाहेरचं ठरवलं, फसवणूक झाली, अशी मोजकीच कारणं चालतात. नववा मुद्दा मान्य केलात तर लवादाने कसा विचार केला हे कागदावरच नसेल. मग कोर्टाला दाखवणार काय? शिवाय नातं आज माहीत असून नेमणुकीत सामील झालात, तर कलम १२(४) मुळे पुढे त्याच नात्यावर हरकत घेता येत नाही. अर्जाला निवाडा मिळाल्यापासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी ३० दिवस. त्यापुढे कोर्टही मुदत वाढवू शकत नाही.
काका

>> काका, इतकं घाबरवू नका. आमचा दावा बाबा गेले तरी दिवाणी कोर्टात चालूच होता. लवादाला निदान १२ महिन्यांची मुदत आहे. आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोर्टांना निवाडा बदलायचा अधिकार दिलाय की!
ताई

>> ताई, तो अधिकार मर्यादित आहे: हिशेबातली चूक, व्याज, सुटा काढता येईल असा भाग. घराची किंमत कमी धरली म्हणून कोर्ट हिस्सा वाढवून देणार नाही. आणि १२ महिने दोन्ही बाजूंच्या कैफियती (लेखी म्हणणं) पूर्ण झाल्यापासून मोजतात.
काका

>> कायद्याचे प्रश्न सल्ला गटाकडे पाठवायचे, असं सर्वसाधारण सभेत ठरलंय. हा धागा हॉलच्या किल्ल्यांचा होता. किल्ल्या कुणाकडे आहेत?
सचिव

>> किल्ल्या आमच्याकडे. पण भाऊ, तळमजल्यावर जुने भाडेकरू आहेत ना? भाडे नियंत्रण कायद्याखालचे वाद लवादाकडे जातच नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये विद्या द्रोलिया प्रकरणात हे स्पष्ट केलंय. तुम्हा दोघांच्या निवाड्याने ते बांधले जाणार नाहीत. रिकामी जागा वाट्याला येईल असं धरून चालू नका.
वहिनी

>> आहेत भाडेकरू. चुलतभावाला आत्ताच कळवलं: लवाद त्रयस्थ हवा आणि निवाडा कारणांसह, नाहीतर सही नाही. तो दोन दिवसांत नाव सुचवा म्हणतो. दिवाणी वाद हाताळलेले निवृत्त जिल्हा न्यायाधीश कुणाच्या ओळखीत असतील तर थेट मला कळवा, यादीवर नको.