रेडिओ क्लबजवळची नवी जेट्टी: लाँचसाठी की हवा खायला?

मांडवाकर: कुलाब्यात गेटवेजवळ, रेडिओ क्लबशेजारी होणाऱ्या नव्या प्रवासी जेट्टीला हायकोर्टाने हिरवा कंदील दिल्यापासून इथे नुसता सुतकाचा सूर आहे. मला तर बरं वाटलं. गेटवेवरून एकदा लाँच पकडून बघा. ओहोटीला खालच्या पायऱ्यांवर शेवाळ, लाँचा एकीला एक खेटून उभ्या, आपल्या लाँचला पोचायला म्हाताऱ्या माणसांनाही दुसरी लाँच ओलांडावी लागते. 1924 साली खुली झालेली ती कमान राजाच्या भेटीची आठवण आहे. एलिफंटाची आणि अलिबागजवळच्या मांडव्याची रोजची गर्दी तिच्या पायाशी किती दिवस कोंबायची?

कुलाबा_कट्टा: म्हणून 229 कोटी आमच्या दारात ओतायचे? जेट्टीसमोरच्या रामचंदानी मार्गावर आत्ताच सुट्टीच्या दिवशी टॅक्सी वळत नाही. भाऊचा धक्का आहे ना! 2020 पासून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी बोट, तिथूनच मांडव्याला जाते, भर पावसाळ्यातही, जेव्हा तुमच्या गेटवेच्या लाँचा बंद असतात. आणि जेट्टीच्या आराखड्यात अँफिथिएटर, म्हणजे पायऱ्यांची खुली बैठक, कशाला? प्रवाशाला बाकडं पुरतं.

मांडवाकर: भाऊच्या धक्क्यावर उतरून सकाळच्या वेळी फोर्टातलं ऑफिस गाठून दाखवा, मग बोलू. अँफिथिएटरवर मात्र तुमच्याशी भांडण नाही. जुलै 2025 च्या निकालात कोर्टानेच बजावलंय: ती जागा प्रवाशांनी थांबण्यापुरती, करमणूक नाही, कॅफेत पाणी आणि पाकीटबंद खाणं, टेबलं मांडून जेवणावळ नाही. शिवाय नवी जेट्टी झाली की गेटवेच्या जुन्या चार जेट्ट्या टप्प्याटप्प्याने बंद. वारसा वारसा म्हणता, तर कमानीभोवतीची गर्दी हटतेय हे वाईट आहे का?

लाँचवरचा: दोघंही रस्त्यावरच अडकलात, पाण्याचं कुणी बोलत नाही. 18 डिसेंबर 2024 ला नौदलाची स्पीडबोट एलिफंटाच्या लाँचवर आदळली, 15 जीव गेले. धक्का कुठलाही बांधा. चढणारी माणसं मोजणार कोण, आणि लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय लाँच सुटणार नाही हे बघणार कोण? 229 कोटींत तेवढ्या पगाराची सोय आहे का?

कुलाबा_कट्टा: हेच तर! अटी कागदावर छान दिसतात. पहिल्या गणपतीत तिथे स्पीकर लागला की अडवायला कोण येणार?

मांडवाकर: तक्रार तुम्ही करा, सही मी करतो. पण जेट्टी होऊ द्या.