लाकडी बार्नचं मॉडेल (१:८७): उडालेला लाल रंग आणि गंजका पत्रा कसा दाखवायचा?

रूळ_८७
एचओ स्केलचं (१:८७) अमेरिकन बार्नचं, म्हणजे शेतावरच्या लाकडी कोठाराचं किट आहे. भिंती बासवूडच्या (हलकं, मऊ लाकूड), १.५ मिमी जाड, लेझरने कापलेल्या, फळ्या उभ्या. छपराला नुसतं कार्ड दिलंय, त्यावर गंजका पत्रा हवा आहे. भाग सुटे केल्यावर चौकटीची जी पट्टी उरते, तिच्यावर फेव्हिक्रिलचा लाल पाण्यात पातळ करून लावून बघितला. पट्टी पापडासारखी वाकली, लाकडावर लव उभी राहिली आणि रंग वाळला तो एकसारखा लालभडक. भिंतींना अजून हात लावलेला नाही. पोपडे सुटलेलं जुनं लाकूड दाखवायचं तर क्रम काय ठेवू? हेअरस्प्रेने (रंगाखाली मारून मग पाण्याने रंग उचलायचा) जमेल का? शिवाय सोलापूरचा एप्रिल म्हणजे दुपारी ब्रशवरच रंग वाळतो. सामान शक्यतो इथल्या हार्डवेअरमध्ये नाहीतर स्टेशनरीत मिळेल असं सांगा.

तासणी
आधी लाकूड करडं करा, त्यावर लाल द्या आणि मग तो लाल जागोजागी काढा. लालवर काळपट वॉश (अगदी पातळ रंगाचा हात) फिरवून जुनेपणा आणायला गेलात तर भिंत जुनी न दिसता नुसती मळकी दिसते.

भाग चौकटीतून सोडवायच्या आधीच पितळी तारेचा ब्रश फळीच्या दिशेने, एकाच बाजूला ओढा. दोन-तीन हात पुरेत. १:८७ मध्ये १ मिमी म्हणजे खऱ्यात जवळजवळ ९ सेंमी, त्यामुळे डोळ्यात भरेल एवढी खोल रेघ पाडली की ती भेग वाटते. उठलेली लव ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने काढा.

वाकण्याचं कारण साधं आहे. पाणी एकाच बाजूने शिरलं की ती बाजू आधी फुगते, आणि वाळताना रंगाचा थर तिला आपल्याकडे ओढतो. म्हणून भिंतीच्या आतून ३ × ३ मिमीच्या पट्ट्या आडव्या लावा. फळ्या उभ्या असतील तर लाकडाच्या रेषाही उभ्याच असतात, तेव्हा आधार त्यांना काटकोनातच हवा, रेषांना समांतर लावलेली पट्टी काहीच धरत नाही. एक पट्टी खालच्या कडेपासून ५ मिमी वर, एक वळचणीच्या जरा खाली, दारं-खिडक्या सोडून. फेविकॉल अगदी बारीक रेघेत, आणि वाळेपर्यंत वर वजन. जो रंग बाहेर द्याल तो आतूनही द्या.

करड्या रंगासाठी १०० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि त्यात वॉटरप्रूफ काळ्या ड्रॉइंग इंकचे २० थेंब (साधारण १ मिली). आधी बाटलीच्या झाकणात थोडं मिसळून बघा, काही शाया अल्कोहोलमध्ये फुटून गुठळ्या धरतात. पहिला हात फिकाच वाटेल. पूर्ण वाळू द्या, मग ठरवा. दुसरा हात सरसकट देऊ नका, सुट्या सुट्या फळ्यांवर द्या, कारण जुन्या भिंतीत दोन शेजारच्या फळ्या कधी एका रंगाच्या नसतात. मेडिकलमध्ये अल्कोहोल म्हणून सॅनिटायझर हातात देतील, तो घेऊ नका. त्यात ग्लिसरीन असतं, ते उडत नाही आणि वरचा रंग चिकट राहतो. खिडकी उघडी ठेवा, जवळ गॅस किंवा उदबत्ती नको.

कोपरे जोडायचे ते शाई दिल्यावरच. जिथे फेविकॉल सांडतो तिथे शाई शिरत नाही आणि पांढरट डाग कायमचा राहतो. पुसून जात नाही, खरवडूनच काढावा लागतो.

पत्रे_आणि_खिळे
वरचं सगळं पटलं. हेअरस्प्रेचं उत्तर राहिलंय: प्लॅस्टिकवर छान, कच्च्या लाकडावर नको. लाकूड स्प्रे पिऊन टाकतं, आणि रंग उचलायला जे पाणी लावाल त्याने परत लव उठते. करायचाच असेल तर आधी मॅट वार्निशचा एक हात द्यावा लागेल.

लाकडाला टर्पेंटाइन बरं. करडी भिंत पूर्ण वाळली की हार्डवेअरमधलं मिनरल टर्पेंटाइन ब्रशने लावा. चमक जाऊन नुसता ओलावा राहिला (एवढ्या उन्हात अर्ध्या मिनिटाचं काम) की लगेच अॅक्रिलिक लाल, जवळजवळ पाणी न घालता, चपट्या ब्रशने फळीच्या दिशेने. रंग मॅट झाला पण घट्ट झाला नाही, अशा वेळी मास्किंग टेपचा तुकडा दाबून उचला. टेपखाली टर्पेंटाइनने रंगाला धरू दिलेलं नसतं, तिथले पोपडे निघून येतात. टेप आधी तळहातावर दोनदा चिकटवून तिचा चिकटपणा कमी करा, नाहीतर लाकडाचे तंतूही येतील. एका वेळी एकच भिंत घ्या. चारही भिंती एकदम रंगवल्या तर चौथीला टेप लावेपर्यंत रंग पक्का झालेला असतो.

रंग कुठून उचलायचा हे महत्त्वाचं. सगळीकडे सारखे पोपडे खोटे दिसतात. वळचणीखाली पाऊस कमी लागतो, तिथे रंग शाबूत ठेवा. खिडक्यांच्या खाली, दाराच्या खालच्या टोकाला आणि जमिनीलगतच्या ५-६ मिमीत (खऱ्यात अर्धा मीटर, पावसाचे शिंतोडे उडतात तेवढी उंची) जास्त उडवा. दक्षिणेची भिंत फिकी, उत्तरेची गडद.

लालाबद्दल: जुन्या अमेरिकन बार्नचा रंग म्हणजे जवसाच्या तेलात लोहाचा ऑक्साइड, आपल्या गेरूच्याच जातीचा. त्यामुळे ट्यूबमधला क्रिम्झन किंवा स्कार्लेट चालणार नाही. बर्न्ट सिएना तीन भाग, लाल एक भाग आणि एकूण मिश्रणाच्या दहाव्या हिश्शाएवढा पांढरा.

रूळ_८७
टर्पेंटाइनचा प्रकार पट्टीवर करून बघतो. खालच्या शिंतोड्यांना गेरू चालेल का? की इथलीच काळी माती चाळून लावू? आणि पत्र्याचं?

गिरणगाव_गेज
गेरू तिथे नको. आयोवा-इलिनॉयकडची माती गडद काळसर तपकिरी, म्हणजे गेरूपेक्षा आपल्या काळ्या मातीच्याच जवळची. पण ती नुसती कोरडी, मलमलीतून गाळून, भुकटी म्हणून वापरा. फेविकॉलच्या पाण्यात कालवून बेसवर पसरली की वाळताना आकसते आणि शेतातल्यासारख्या भेगा पडतात, त्या १:८७ मध्ये ओढ्याएवढ्या दिसतात.

पत्रा: खऱ्या पत्र्याची नळी (एका लाटेपासून पुढच्या लाटेपर्यंतचं अंतर) साधारण ७६ मिमीची, म्हणजे इथे ०.९ मिमीच्या आसपास. एम-५ बोल्टचा पीच (दोन आट्यांमधलं अंतर) ०.८ मिमी असतो, तो पुरेसा जवळ आहे. पार्सलच्या अॅल्युमिनियमच्या डबीचा सपाट तळ कापून जाड रबरी मॅटवर ठेवा आणि पूर्ण आट्यांचा बोल्ट दाबून लाटा. स्वयंपाकाची फॉइल फाटते. आटे तिरपे असल्याने रेघही किंचित तिरपी येते, म्हणून पत्रे रेघेच्या दिशेने कापा. ८ फुटी पत्रा म्हणजे २८ मिमी लांब, रुंदी ९ मिमी. खालून वर लावत जा, वरचा पत्रा खालच्यावर पावणेदोन मिमी चढवा. चिकटवायला रबरी कॉन्टॅक्ट अॅडहेसिव्ह, फेविकॉल धातूला धरत नाही. मेटल प्रायमरही चुकवू नका, त्याशिवाय अॅक्रिलिक नखाने निघतं.

गंज चढतो तो जोडांत, खिळ्यांच्या ओळीत आणि कापलेल्या कडेला. तिथून खाली ओघळ उतरवा, मधला पत्रा करडाच राहू द्या. गेरू खरा इथे लागतो: गेरू आणि थोडा बर्न्ट अंबर कोरडाच, बारीक ब्रशने. काळा-करडा हवा तर सॉफ्ट पेस्टलची कांडी २२० नंबरच्या कागदावर घासून घ्या. दुकानात पेस्टल मागितले की ऑइल पेस्टल पुढे येतात, त्यांची भुकटी होत नाही.

उन्हाचं: अॅक्रिलिकमध्ये रिटार्डरचे (रंग उशिरा वाळवणारं द्रव्य) दोन-तीन थेंब, ओल्या टिशूवर पॅलेट, पंखा बंद. स्प्रे वार्निश सकाळी सातच्या आत, २५ सेंमीवरून. बेचाळीस अंशाच्या दुपारी मारलं तर ते हवेतच वाळून खरखरीत बसतं. पावसाळ्यात उलट, दमटपणाने पांढरं पडतं.

तासणी
एक भर. वार्निश मारल्यावर त्यावर अल्कोहोलची शाई परत लावू नका, पांढरी झाक येते. करड्या लाकडावर एक वेळ खपून जाईल, लालवर बुरशी आल्यासारखी दिसते. आणि भुकटी वार्निशखाली जवळजवळ अर्धी नाहीशी होते, म्हणून स्प्रेच्या आधी वाजवीपेक्षा जास्त लावा. हात न लागणाऱ्या छपरावर वार्निश दिलंच नाही तरी चालतं.