कलमांची छाटणी आणि झाडं उतरवण्याचं काम धंदा म्हणून: आधी काय घ्यावं, कुठे शिकावं?

गुहागर_वाडी

नमस्कार मंडळी. आम्ही तिघं मिळून या हंगामापासून झाडांची कामं घेणार आहोत. जुन्या हापूस कलमांची छाटणी, कौलांवर आलेल्या फणसाच्या आणि रायवळ आंब्याच्या खांद्या उतरवणं, पावसाळ्याआधी धोक्याची झाडं काढणं, अशी मागणी भरपूर आहे. दोघांना माडावर चढायची सवय आहे आणि कटर (साखळीची यांत्रिक करवत) जमिनीवर चालवता येतो. आजवर सगळं सुंभ आणि कोयत्यावर चाललं. भांडवल बेताचं आहे, सगळं एकदम घेता येणार नाही. मोठा कटर आधी घ्यावा की दोर आणि हार्नेस (दोराला जोडायचा, अंगावर बांधायचा पट्ट्यांचा संच)? माडावर चढणाऱ्याने झाडावरचं काम वेगळं शिकायची गरज आहे का? आणि कोकणात शिकवतं कोण?

दोरावरचा

आधी दोर आणि हार्नेस, आणि तेही दोन संच. एक चढणाऱ्याचा, दुसरा खाली थांबणाऱ्याचा. वरच्याला कटर लागला, खांदी अंगावर आली किंवा उन्हाने भोवळ आली, तर त्याला उतरवणारा माणूस खालीच हवा आणि हार्नेस त्याच्या अंगावर आधीच चढवलेला हवा. हार्नेसमध्ये हालचाल न करता लटकलेल्या माणसाचं रक्त पायांत साकळतं आणि काही मिनिटांत जीवावर बेततं. तालुक्याहून मदत येईपर्यंत वाट पाहण्याइतका वेळ नसतो. ब्रिटनमध्ये दोरावरच्या कामाला किमान दोन माणसं आणि खालच्याला सुटका करता येणं ही धंद्याची रीतच आहे. आपल्याकडे तपासायला कुणी येत नाही, म्हणून ती आपणच पाळायची. तिघांपैकी दोघांना हे येत नसेल तोवर वरची कामं घेऊ नका, एवढं माझं ठाम मत आहे.

माडाची सवय उपयोगी आहे, पण पुरेशी नाही. माडावर माणूस खोडाला धरून सरळ वर जातो आणि सरळ खाली येतो. कलमावर कामच मुळी खांदीच्या टोकाकडे असतं. तिथे जाताना अंगाचा भार दोरावर हवा, खांदीवर नको. दोर डोक्याच्या वर अडकवलेला आणि सतत ताणलेला ठेवायचा. ढिला सोडून पुढे गेलात की पाय घसरल्यावर झोका थेट बुंध्यावर आदळतो.

दोर १२-१३ मिलिमीटरचा, चढाईसाठीच बनवलेला घ्या. 'ईएन १८९१, प्रकार अ' अशी युरोपीय मानकाची खूण पाहा, म्हणजे तुटण्याची ताकद किमान २२ किलोन्यूटन, साधारण सव्वादोन टन भार. बंदरावर मिळणारा पॉलिप्रॉपिलीनचा दोर स्वस्त असतो, पण गाठीच्या घर्षणाने वितळतो आणि उन्हात कडक पडतो. त्यावर माणूस लटकवू नये. सरकगाठीसाठी (मुख्य दोरावर सरकणारी, भार आला की आवळणारी गाठ) ८ ते १० मिलिमीटरची उष्णता सोसणारी दोरी वेगळी लागते. बांधकामावरचा पाठीत कडी असलेला हार्नेस पडणाऱ्याला अडवतो, त्यात बसून काम होत नाही. झाडाच्या कामाच्या हार्नेसला मांड्यांचे रुंद पट्टे, पुढे मधोमध जोड आणि कमरेला दोन्ही बाजूंना कड्या असतात. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवाच.

कटर वर चालवायचा असेल तर दोन ठिकाणी बांधलेलं हवं: मुख्य दोर आणि बुंध्याभोवती फिरवलेला कमरेचा दोर. या दुसऱ्या दोरात पोलादी तार असते, तरी चालत्या साखळीपुढे तीही टिकते असं समजू नका.

दोर अडकवायची खांदी जिवंत, बुंध्यालगतच्या बेचक्यातली आणि किमान १० सेंटिमीटर जाडीची पाहा. चढण्याआधी दोघांनी खालून दोराला लटकून बघा. आंब्याच्या बाबतीत याआधीही एक तपासणी आहे. सालीवर भोकं, त्यांतून बाहेर आलेला भुसा किंवा ओघळलेला डिंक दिसला तर आत भिरूड (खोड पोखरणारी अळी) आहे आणि खांदी पोकळ असू शकते. लाकडी हातोडीने ठोकत जा, आवाज बद्द आला तर ती खांदी सोडा. बांडगूळ धरलेली खांदी त्याच्या गाठीपासून पुढे वाळत जाते, तिच्यावर भार टाकू नका.

साखळी_फाईल

दोरावरच्याशी सहमत. कटरबद्दल सांगतो. मोठा आधी घ्यायची गरज नाही. १४ इंची पट्टीचा (साखळी जिच्यावर फिरते ती) हलका कटर छाटणीची बहुतेक कामं करतो. वर तर मनगटाएवढ्या खांदीपर्यंत वाकड्या पात्याची हातकरवतच बरी. ती बंद पडत नाही, झटका देत नाही.

झटका येतो तो पट्टीच्या टोकाच्या वरच्या चतुर्थांश भागामुळे. तो भाग लाकडाला टेकला की पट्टी उसळून सरळ चेहऱ्याकडे येते. म्हणून डाव्या हाताचा अंगठा पुढच्या मुठीखालून गुंडाळलेला हवा आणि रोज सुरू करताना साखळीचा ब्रेक तपासायला हवा. वरून चालवायचा छोटा, मूठ वर असलेला कटर लोक एका हाताने चालवतात आणि दुसऱ्या हाताने खांदी धरतात. डावा हात कापला जातो तो असाच. कटर खाली सुरू करून गरम करून घ्यावा, बंद करून दोरीने वर पाठवावा.

आपल्याकडे साखळी बोथट होते ती जांभ्याने. गडग्याला किंवा मातीला एकदा टेकली की धार गेली. भुशाऐवजी पीठ पडायला लागलं की थांबा. बोथट साखळीला माणूस जोर लावतो आणि तोल जातो. छोट्या कटरला बहुधा ४ मिलिमीटरची गोल कानस लागते, कोन ३० अंश. प्रत्येक दाताला सारख्याच दोन-तीन ओढी द्या, नाहीतर काप एका बाजूला वळतो. दातापुढचा ठेंगणा भाग दातापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली ठेवा. तो जास्त घासला तर झटका वाढतो.

तेल-पेट्रोलचं प्रमाण कंपनीच्या पुस्तिकेप्रमाणे. ५० ला १ असेल तर लिटरमागे २० मिली. इथेनॉलमिश्रित पेट्रोल दमट हवेत पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्याआधी टाकी रिकामी करून कार्ब्युरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून ठेवा.

कटरची विजार घ्या, तिला पर्याय नाही. तिच्यातले लांब धागे चक्रात गुंतून साखळी थांबवतात. जमिनीवर फक्त पुढून संरक्षण असलेली चालते, झाडावर चहूबाजूंनी असलेली हवी. गरम होते हे खरं आहे, म्हणून एप्रिल-मेमध्ये काम सकाळी दहापर्यंत आटपा. विजार काढून ठेवू नका.

गुहागर_वाडी

खूप उपयोग झाला, धन्यवाद. खांदी कापताना साल बुंध्यापर्यंत सोलून निघते, ते कसं टाळायचं? आणि वायर जवळ असेल तर लायनमनला तोंडी सांगून भागतं का?

आगरातला

साल सोलते ती एकाच कापामुळे. तीन काप द्या. पहिला बुंध्यापासून फूटभर दूर, खालून, जाडीच्या पाव हिश्श्यापर्यंत. दुसरा त्याच्या दोन-तीन बोटं पुढे, वरून, म्हणजे खांदी सुटून पडते आणि साल पहिल्या कापाशी तुटते. तिसरा उरलेल्या खुंटाचा, खांदीच्या बुडाशी जी फुगीर कड असते तिच्या बाहेरून. ती कड कापली तर जखम भरत नाही, खुंट लांब ठेवला तर तो कुजून भिरूडाला वाट देतो. मोठ्या जखमेला बोर्डो पेस्ट (बुरशीनाशक लेप) लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळे भिजवून मग एकत्र. धातूचं भांडं नको. हापूसचा चीक कातडी भाजतो, लांब बाह्या आणि चष्मा घाला. हुमल्यांची (झाडावरच्या लाल मुंग्यांची) घरटी आधीच खालून पाहून ठेवा. वर चावले की माणूस हात सोडतो.

कौलांवरची खांदी सरळ पाडता येत नाही, दोराने उतरवावी लागते. ओल्या आंब्याचा १ मीटर लांब, ३० सेंटिमीटर जाड तुकडा साठ किलोच्या वर भरतो आणि झटक्याने अडला की दोरावर त्याच्या कितीतरी पट ताण येतो. दोर बुंध्याला वेढे देऊन सैल सोडत न्या, हाताला गुंडाळू नका. तुकडे लहान ठेवा.

वायरचं तोंडी नको. महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, वीज बंद केल्याचं त्यांच्या माणसाकडून समजल्यावरच चढा, आणि शेजारच्या घरात जनरेटर किंवा इन्व्हर्टर चालू नाही ना ते पाहा. तो उलटा वीज सोडू शकतो. ओली खांदी आणि अॅल्युमिनियमची शिडी, दोन्हींतून वीज येते.

परवानगीचंही बघा. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा आणि फणस आहेत, स्वतःच्या परसातलं झाड असलं तरी. नगरपरिषद हद्दीत १९७५ चा कायदा लागू होतो. कागद मालकाच्या नावाचा असू दे, प्रत तुमच्याकडे ठेवा.

दोरावरचा

प्रशिक्षणाचं राहिलं. नारळ विकास मंडळाचा 'फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री' हा कार्यक्रम माडावर यंत्राने चढायला शिकवतो. विम्याचीही तिथे चौकशी करा. दापोलीचं कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्यातली कृषी विज्ञान केंद्रं इथे आधी विचारा, जुन्या कलमांच्या पुनरुज्जीवनाची माहितीही तिथेच मिळेल. पण दोरावरून कटर चालवणं यांत येत नाही. औद्योगिक दोरकामाच्या 'आयराटा' या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अभ्यासक्रम सुटका उत्तम शिकवतात, झाड आणि कटर नाही. ब्रिटनचा क्रम आपल्याला नमुना म्हणून चालेल: आधी कटरची देखभाल आणि आडवे काप, मग लहान झाडं पाडणं, मग कटरशिवाय चढाई आणि सुटका, आणि त्यानंतरच दोरावर कटर. सुटकेचा सराव दर महिन्याला करा, दर वेळी वेगळ्या माणसाने.

पहिल्या वर्षी वादळात पडलेल्या झाडांची कामं घेऊ नका. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर श्रीवर्धन-मुरुडकडे जशी आडवी झाडं एकमेकांवर पडली होती, तशी झाडं ताणात असतात. वाकलेल्या खोडाच्या आतल्या बाजूला उभं राहायचं, आधी दाबलेल्या बाजूला उथळ काप द्यायचा, मग ताणलेल्या बाजूला. मुळासकट उपटलेल्याचं खोड कापलं की मुळांचा गड्डा परत खड्ड्यात बसतो. त्या खड्ड्यात किंवा गड्ड्याच्या मागे कोणी, विशेषतः पोरं, नाहीत हे बघायला एक माणूस वेगळा उभा करावा लागतो. तुम्ही तिघंच आहात.